मुलाला थेरपी, आणि आपल्याला काय? – सिंधुदुर्गात पालक, सेविका आणि शिक्षकांचं संवाद-प्रशिक्षण

गटसाधन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गात विशेष शिक्षक आहे, दोन तालुक्यांतल्या शाळा माझ्याकडे आहेत. ऑटिझम असलेल्या मुलांचे पालक, अंगणवाडी सेविका आणि पहिली-दुसरीचे शिक्षक यांना कुडाळात एकत्र बसवून प्रशिक्षण घ्यायचं आमचं घाटतंय. विषय एकच. मुलाला काय हवं, काय नको, काय दिसलं, कुठे दुखतंय हे त्याने दुसऱ्या माणसापर्यंत पोचवावं म्हणून आपण मोठ्यांनी काय करायचं.

गणपतीआधी घ्या, असं वरून सुचवलं होतं. कोकणाची हवा लागलेल्या माणसाने असं सुचवू नये. चतुर्थी झाली की भातकापणी, मग दिवाळी, आणि फेब्रुवारीनंतर काजू-आंबा. म्हणजे दिवाळी ते संक्रांत एवढाच काय तो मोकळा काळ. तोच धरलाय.

आजवरची प्रशिक्षणं जवळून पाहिलीत. हॉल, प्रोजेक्टर, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं दीड तास भाषण, जेवण, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. ‘ऑटिझमची लक्षणे’ ही स्लाइड आता सेविकांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. पण उद्या सकाळी पोरगं खिडकीचा गज धरून किंचाळायला लागलं तर पहिल्या मिनिटात काय करणार, असं विचारलं की सगळे माझ्याकडेच बघतात.

माझं मत आधीच मांडून ठेवतो, म्हणजे भांडायला बरं पडेल. व्याख्यानाने माणसाचे हात शिकत नाहीत. सांगणं, करून दाखवणं, समोर करून घेणं आणि तिथल्या तिथे काय जमलं-काय राहिलं ते सांगणं, अशा चार पायऱ्या असतात. आपल्याकडे पहिलीवरच चहा येतो. १९७७ साली स्टोक्स आणि बेअर या मानसशास्त्रज्ञांनी एका जागी शिकवलेलं दुसऱ्या जागी आपोआप उतरेल या भरवशाला ‘शिकवा आणि आशा करा’ असं नाव दिलं होतं. आपल्या खात्याचं ब्रीदवाक्य म्हणून ते खपून जाईल.

तर पालकांनो, सेविकांनो, थेरपिस्ट मंडळींनो, तुम्हाला नेमकं काय शिकायला मिळालं तर उपयोग होईल? ‘जनजागृती व्हायला हवी’ सोडून काहीही लिहा.

---

खाडीकाठची

देवगड तालुका. मुलगा आठ वर्षांचा, शब्द थोडे, चित्रांची वही सोबत असते.

मला काय उपयोगी पडलं ते सांगते. एक वाचा-उपचारतज्ज्ञ ताई सुट्टीला आमच्या वाडीत आल्या होत्या. त्यांनी भाषण दिलं नाही. ओटीवर आम्हाला बसवलं आणि कामाला लावलं. पद्धत पेक्स, म्हणजे चित्र देऊन वस्तू मागायची. अँडी बाँडी आणि लॉरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत डेलावेअरला सुरू केलेली. सहा टप्पे आहेत, पण सगळा पाया पहिल्यात.

पहिल्या टप्प्याला दोन माणसं लागतात, हे आम्हाला तोवर कुणी बोललंच नव्हतं. नणंद समोर बसली, हातात खाज्याचा तुकडा. मी मुलाच्या पाठीमागे. दोघींच्या मध्ये पाटावर खाज्याचं एकच चित्र. तो खाज्याकडे झेपावला की मी मागून त्याचा हात चित्रावर नेला, उचलायला लावलं, नणंदेच्या तळहातावर ठेवायला लावलं. चित्र हातात पडताक्षणी ती ‘खाजं!’ म्हणून तुकडा देणार. मागच्या माणसाने चकार शब्द काढायचा नाही. समोरच्यानेही ‘काय हवं? सांग बघू’ असं काही विचारायचं नाही. तो प्रश्न थेट पाचव्या टप्प्यात येतो! कारण आधीच विचारलं तर मूल विचारण्याची वाट बघत बसतं, स्वतःहून मागायचं शिकत नाही.

ताई बाजूला मोड्यावर बसून बघत होत्या. “तळहात घाई करतोय, आधी त्याला झेपावू दे.” “मागचा हात आता मनगटावरून कोपरावर ने.” मदत कमी करताना शेवटून सोडत यायचं. म्हणजे आधी हातावर ठेवणं त्याचं त्याला करू द्यायचं, मग चित्र उचलून नेणं, सगळ्यात शेवटी उचलणं. वाचून हे कधी कळलं नसतं. कोपरावरचा हात नेमका कधी काढायचा हे शेजारी बसलेल्या माणसालाच दिसतं.

दुसऱ्या टप्प्यात अंतर वाढवायचं. वही पडवीतल्या खुंटीला, नणंद मागील दारी भांडी घासायला. त्याने वही काढायची, चित्र सोडवायचं, माजघरातून तिच्यापर्यंत जायचं आणि तिची पाठ असेल तर खांद्याला हात लावायचा. आमच्या लांबलचक घराचा पहिल्यांदाच काही फायदा झाला.

व्यवहाराचं एक. पावसाळ्यात वेल्क्रोचा गोंद सुटतो आणि साध्या लॅमिनेशनच्या कडेतून ओल शिरून चित्रं काळी पडतात. झेरॉक्सवाल्याला कडेला बोटभर प्लास्टिक जास्त सोडायला सांगा आणि प्रत्येक चित्राच्या दोन प्रती काढून ठेवा. टॅबलेटवाले हसतील, पण २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर आमच्याकडे लाइट नव्हती तेव्हा कागदी वहीनेच निभावलं.

---

फणसगरे

बरा लिवलास. पण माका एकच सांगा, आजयेक कोण शिकवतलो? झील हात पुढे करूच्या आधीच ती पेलो हातात दिता.

(पुढचं मराठीत लिहितो, नाहीतर घाटावरची मंडळी रागावतील.) आमच्या घरात सात माणसं. त्याने नुसतं दरवाजाकडे बघितलं की कोणीतरी चपला आणून देतं. त्याला मागायची गरजच पडत नाही, तर तो मागेल कशाला? डॉक्टर मला आणि बायकोला समजावतात. मी दिवसभर बागेत, बायको बचत गटात. पोराबरोबर दिवस काढते आई. तिला प्रशिक्षणाला बोलवणार की नाही?

---

गटसाधन

फणसगरे, पत्रकात ‘पालक’ लिहिलं होतं, ते खोडून ‘मुलाबरोबर दिवस काढणारं माणूस’ असं करतो. आजीला घेऊन या. आणि आजीला ‘देऊ नको’ असं कुणी सांगणार नाही, घाबरू नका. ‘देण्याआधी मनातल्या मनात दहा अंक मोज’ एवढंच सांगायचं. पेला हातात धरायचा, त्याच्याकडे बघायचं आणि थांबायचं. तेवढ्यात त्याने बघितलं, हात लावला, आवाज केला, काहीही केलं, की लगेच द्यायचं.

---

चाकरमानी_डोंबिवली

माफ करा, पण एवढा खटाटोप कशाला? आमच्या आत्येभावाचा मुलगा साडेचार वर्षांपर्यंत बोलत नव्हता, आता थांबत नाही. गावाकडे तर पूर्वीपासून ‘उशिरा बोलतो, बापावर गेलाय’ म्हणतात. आणि हल्ली हे सगळं मोबाइलमुळे आहे. व्हर्च्युअल ऑटिझम म्हणतात त्याला. मोबाइल काढून घ्या, महिन्यात फरक.

---

वाचा_वाणी

वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, सध्या चिपळूण.

चाकरमानी दादा, तुमच्या आत्येभावाचा मुलगा बोलला, आनंदच आहे. पण काही मुलं उशिरा बोलतात म्हणून सगळ्यांनी थांबायचं हा जुगार झाला. बरं, इथे जे शिकवतात त्यात नुकसान काय? मूल उशिरा आपोआप बोलणारं असेल तरी त्याच्या नजरेकडे लक्ष देणारी, उत्तरासाठी थांबणारी आई त्याला वाईट नाही.

‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे निदान डॉक्टर ज्या याद्या धरून निदान करतात त्यांत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये नाही, आयसीडी-११ मध्येही नाही. लहान मुलाच्या हातातला मोबाइल कमी करा, जरूर करा. तेवढा वेळ माणसांबरोबर जाईल. पण त्या शब्दाने आईच्या डोक्यावर दोष ठेवण्याखेरीज काही साधत नाही.

खाडीकाठची यांनी लिहिलंय त्यात एक भर. ‘चित्रं दिली तर बोलायचं राहील’ ही भीती मला दर ओपीडीला ऐकू येते. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये एक आढावा घेतला होता. त्यात भक्कम पुरावा असलेल्या अभ्यासांत एकूण २७ जण होते. चित्रं, खुणा किंवा यंत्र वापरायला लागल्यावर एकाचंही बोलणं कमी झालं नाही, बहुतेकांचं वाढलं. वाढ फार मोठी नव्हती, हेही सांगायला हवं. चित्रं दिली की बोलेलच असं वचन देणाऱ्यापासूनही लांब राहा.

मोफत काही हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ अ‍ॅप आहे, मराठीतही चालतं. चेन्नईचं ‘आवाज’ही आहे, त्याला पैसे पडतात. पण अ‍ॅप टाकून फोन मुलाच्या हातात दिला म्हणजे झालं असं नाही. बोलताना आपण स्वतः त्यावर बोट ठेवून बोलायचं असतं. ‘चल, पाणी, पिऊया’ म्हणताना पाण्यावर बोट, पिण्यावर बोट. ज्याने कुणाला हे करताना पाहिलंच नाही, त्याने ते कुठून उचलायचं?

---

पर्वरीकर

गोव्यातून. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही. घरोघर जाणारा कार्यकर्ता आहे, पालकांबरोबर काम करतो.

धागाकर्त्यांचा मुद्दा शंभर टक्के पटला. त्याला पुरावा तुमच्या शेजारीच आहे. ‘पास’ नावाचा अभ्यास गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीत एकाच वेळी झाला. गोव्याच्या बाजूला संगत ही संस्था होती. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं. निम्म्या कुटुंबांना नेहमीची सेवा, निम्म्यांना सहा महिन्यांत बारा भेटी. भेटी देणारे तज्ज्ञ नव्हते, माझ्यासारखेच प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते. निकाल २०१६ च्या लॅन्सेट सायकियाट्रीत आले. मूळ पद्धत इंग्लंडची, ‘पॅक्ट’. ती तिथे वाचा-उपचारतज्ज्ञ करायचे, इथे आपल्या घरांना आणि आपल्या माणसांना जुळेल अशी करून घेतली.

गंमत अशी की यात कार्यकर्ता मुलाला हातच लावत नाही. आई आणि मूल खेळतात, त्याचं थोडं चित्रीकरण करायचं आणि मग तोच व्हिडिओ आईबरोबर बसून बघायचा. बस्स. पण बघायचा कसा, त्यात सगळं आहे.

एका घरातलं वर्णन करतो, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. स्टीलचे डबे, करवंट्या, जमिनीवर मूल. आई विचारते, “हा कुठला रंग? किती डबे? मोठा कुठला?” तिची काही चूक नाही, शाळेने आपल्या सगळ्यांनाच असं बोलायला लावलंय. मूल गप्प. व्हिडिओ थांबवला, आवाज बंद केला, पुन्हा लावला. आता फक्त मुलाकडे बघायला सांगितलं. ते झाकण फिरवतं, सोडतं, झाकण थरथरत पडतं. पडताना मूल क्षणभर मान वळवून आईच्या दिशेने बघतं. पुन्हा फिरवतं, पुन्हा बघतं. आईला ते तिथेच दिसलं, मी काही बोलायच्या आधी. पुढच्या खेळात तिने प्रश्न टाकले आणि झाकण पडलं की “पडलं!” एवढंच म्हणायला लागली. मग तिसऱ्या-चौथ्या वेळी मूल झाकण घेऊन तिच्याजवळ आलं.

पद्धतीचा गाभा हाच. मूल कशाकडे बघतंय ते ओळख, त्याच्याबद्दल बोल, त्याच्यापेक्षा थोडंसंच पुढचं बोल, आणि थांब.

आता निकाल. आई-बापांचं मुलाशी जुळवून घेणं वाढलं. मुलाने स्वतःहून संवाद सुरू करणंही वाढलं. पण दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र या गटात कमी भरला. पत्रकांत हे छापत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि ६५ ही संख्या लहानच. इंग्लंडच्या मूळ पॅक्टमध्ये १५२ मुलं होती (२०१०). तिथे पहिल्या मोजणीत ऑटिझमच्या लक्षणांवर परिणाम किरकोळच दिसला होता, पण काही वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासलं तेव्हा फरक टिकलेला आढळला.

---

अंगणवाडी_क्र_दोन

वाचते आहे सगळं. आता सेविकेचं ऐका.

माझ्याकडे तीन ते सहा वयाची पोरं, एक मदतनीस, पोषण ट्रॅकर अ‍ॅपवरच्या नोंदी, वजन-उंची, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस. त्यात एक मूल असं, जे गोलात बसत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल काढला, त्यात ओळखणं, सामावून घेणं, पुढे पाठवणं असं सगळं आहे. चांगलं आहे. पण पुढे पाठवल्यावर ते मूल दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच दारात असतं ना!

म्हणून मला असं काही शिकवा जे माझ्या रोजच्या वेळापत्रकात बसेल. वेगळा तास नको, वेगळं रजिस्टर तर नकोच नको. बडबडगीत आम्ही रोज घेतो. त्यात शेवटचा शब्द गाळून थांबले तर चालेल का? आणि खिचडी वाढताना ताट रिकामं ठेवून पळी हातात धरून थांबले, तर ते मागेल का?

---

निळी_शाई

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, रत्नागिरी जिल्हा. बोलता येतं, पण गर्दीत आणि दमल्यावर शब्द येत नाहीत, तेव्हा लिहितो.

सेविका ताई, बडबडगीताची कल्पना छान. खिचडीची नको. भुकेलं मूल आणि रिकामं ताट, त्यात समोर पळी धरलेलं माणूस. यातून मूल मागायला शिकेल किंवा अंगणवाडीला यायचं नाही हे शिकेल. दुसरं जास्त लवकर शिकेल. जेवण, पाणी, संडास या गोष्टी कशाच्या बदल्यात नसाव्यात. पहिलं वाढून द्या. दुसऱ्यांदा वाढताना, किंवा लाडू, केळं अशा वरच्या खाऊला थांबून बघा.

या धाग्यावर ‘मागणं’ पुष्कळ झालं. नकार कोण शिकवणार? पहिल्या दहा चित्रांत ‘नको’, ‘बास’ आणि ‘बाहेर जायचंय’ ही तीन हवीतच. आणि मुलाने ‘नको’चं चित्र दिलं की आपण खरंच थांबायला हवं. कधी थांबता येणार नाही, इंजेक्शन असेल. तेव्हाही ‘तू नको म्हणालास, कळलं’ एवढं तरी म्हणा. ज्याचा नकार कुणी मोजत नाही तो चावतो. कार आणि ड्युरंड यांनी १९८५ मध्येच दाखवलंय की चावणं-मारणं ज्या कारणासाठी होतं, तेच काम करणारा सोपा संवाद शिकवला की ते कमी होतं. खिडकीचा गज धरून किंचाळणाऱ्या पोराचं उत्तर बहुतेक तिथेच आहे. त्याला काय थांबायला हवंय ते आधी शोधा.

नजरेला नजर देण्याची सक्ती करू नका. मला समोरच्याच्या डोळ्यांत बघताना त्याचे शब्द ऐकू येत नाहीत.

शेवटचं, तीच तीच वाक्यं म्हणणाऱ्या मुलांबद्दल. मी लहानपणी घरातून कुणी निघालं की ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ म्हणायचो. घरचे हसायचे. मला विचारायचं असायचं की हे माणूस परत कधी येणार. प्रिझंट आणि डकन यांनी १९८१ मध्ये अशा पुनरुक्तीची वेगवेगळी कामं नोंदवली आहेत: पाळी घेणं, होकार देणं, मागणं, स्वतःला सावरणं. ‘पोपटपंची बंद कर’ असं सांगण्याआधी ती कधी होते ते आठवडाभर लिहून काढा.

---

अंगणवाडी_क्र_दोन

पटलं. आधी वाढते, मग थांबते. आणि ‘नको’चं चित्र मी तर सगळ्याच पोरांसाठी लावणार आहे.

---

खाडीकाठची

निळी_शाई, ‘नको’साठी +१०१. आमच्याकडे ढोल हा विषय आहे. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा हा माळ्यावर पळायचा. आता ‘बाहेर जायचंय’ देतो, आम्ही दोघं खाडीच्या बाजूला निघून जातो, पालखी पुढच्या घरी गेली की परत. गावकऱ्यांनी आधी नाकं मुरडली, मग मानकऱ्यांनीच आमच्या दारात ढोल न वाजवता पालखी आणली.

---

घाटावरून

कोल्हापूरकर. धागा उत्तम. आमच्या ओळखीत एकांनी मुलाला एका मोठ्या शहरातल्या केंद्रात नेलं होतं. तिथे प्रशिक्षक मुलाचं मनगट धरते आणि न बोलणारा मुलगा अक्षरफळ्यावर अख्ख्या कविता लिहितो! आईलाही तेच शिकवतात, फी दणदणीत आहे. असं काही कुडाळात ठेवता येईल का?

---

वाचा_वाणी

नाही. आणि हे जरा सविस्तर लिहिते, कारण या आशेपोटी लोक दागिने मोडतात.

हात धरून लिहून घेण्याच्या या पद्धतीची १९९० च्या दशकात भरपूर परीक्षा झाली. साधी युक्ती होती. मुलाला एक चित्र दाखवायचं, हात धरणाऱ्याला दुसरं, आणि दोघांनाही एकमेकांचं दिसू द्यायचं नाही. लिहिलं गेलं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. धरणाऱ्यांनी फसवाफसवी केली असं नाही, आपण हात चालवतोय हे त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आशाने (आपल्या आशा ताई नव्हेत!), २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं स्पष्ट निवेदन काढलं. फळा हवेत धरून दुसऱ्याने सूचना देत राहायची, त्या प्रकाराबद्दलही त्याच वर्षी सावध केलं.

पेक्समध्येही मागून हात धरतात, मग फरक काय, असं कुणी विचारेल. तिथे हात सुटत जातो, आणि तो सुटला की नाही ते सगळ्यांसमोर दिसतं. खाज्याचं चित्र मुलाने एकट्याने माजघर ओलांडून नेलं, त्यात कुणाचा हात नव्हता.

प्रशिक्षणात पालकांना एवढा एक प्रश्न विचारायला शिकवा: ‘मी खोलीबाहेर गेलो तरी हे होईल का?’ स्टेमसेलचे उपचार विकणारे, जादूची औषधंवाले, सगळ्यांपुढे तो ठेवता येतो.

---

घाटावरून

धन्यवाद ताई. हा धागा त्यांना पाठवतो. रागावतील, पण पाठवतो.

---

सागरतीर_वेंगुर्ला

दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि निरामय आरोग्य विम्याबद्दल कुणी सांगेल का? मुलगी सहा वर्षांची आहे.

---

गटसाधन

थोडक्यात सांगतो, कारण यासाठी वेगळा धागा हवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. निरामय ही केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची योजना, वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, त्यात थेरपीचा खर्चही ठराविक मर्यादेत येतो. कागद घेऊन शाळेत भेटा, फॉर्म मी भरून देतो.

पण ताई, प्रमाणपत्र हातात येईपर्यंत संवाद शिकवायचं थांबवू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा कौशल्य-कार्यक्रम आहे, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी, त्यात पक्क्या निदानाची अट नाही, विकासात उशीर दिसला तरी पालक येऊ शकतात. नऊ गटभेटी आणि तीन गृहभेटी असा त्याचा आराखडा. चालवणारे तज्ज्ञच हवेत असंही नाही.

तो वाचून आणि वरचे प्रतिसाद वाचून मी आराखडा बदलला आहे. एका दिवसाचं शिबिर रद्द. वीस-पंचवीस माणसांऐवजी सहा कुटुंबं, प्रत्येकाबरोबर त्या मुलाची सेविका किंवा शिक्षक. पंधरा दिवसांनी एकदा भेट. भेटीत भाषण नाही, सरळ ओटीवर बसायचं. मधल्या काळात प्रत्येक घराने चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ काढायचा, जेवताना, आंघोळीच्या वेळी, करवंट्यांशी खेळताना, कसाही. खात्याला ‘फक्त सहा कुटुंबं’ पचणार नाही, लाभार्थी-संख्येचा रकाना रिकामा दिसेल. तो माझा प्रश्न.

---

पर्वरीकर

व्हिडिओबद्दल एक सांगणं. ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजिबात टाकायचे नाहीत. आंघोळीचा तर काढायचाच नाही. ज्याच्या त्याच्या फोनमध्येच ठेवायचे, भेटीत तिथेच बघायचे आणि पालक म्हणतील तेव्हा पुसायचे. घरी जाताना लेखी संमती घ्या. आणि बघताना आधी जमलेली जागा दाखवा. पहिल्याच भेटीत आईला तिच्या चुका मोजून दाखवल्या तर दुसऱ्या भेटीला ‘पाहुणे आलेत’ असा निरोप येतो.

कार्यकर्त्याचंही कुणीतरी बघायला हवं. वाचा_वाणी ताईंनी महिन्यातून एकदा तुमच्या भेटीचा व्हिडिओ बघितला तर सोन्याहून पिवळं. पास अभ्यासातही कार्यकर्त्यांना वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं, वर तज्ज्ञांची देखरेख होती.

---

गटसाधन

बरोबर. आंघोळ काढून टाकली.

---

वाचा_वाणी

महिन्यातून एकदा जमेल, ऑनलाइन. रेंज असलेल्या ठिकाणी बसा फक्त. आणि भाषेचं विसरू नका. घरात मालवणी बोलतात तर चित्रावर आणि तोंडात मालवणीच. ‘एकच भाषा ठेवा, इंग्रजी ठेवा’ असा सल्ला काही ठिकाणी देतात, त्याला आधार नाही. आजी जी भाषा बोलते ती मुलाकडून काढून घेतली तर उरलेल्या भाषेत त्याच्याशी बोलायला घरात आहे कोण?

---

फणसगरे

आई यायला तयार आहे. म्हणते, दहा अंक नाही मोजणार, ‘राम राम’ म्हणेन. चालेल?

दुसरं, घरी चित्रं सुरू केली. आता तो दिवसभर मोबाइलचं एकच चित्र आणून देतो. दिलं नाही की लोळण. चित्र लपवून ठेवू का?

---

निळी_शाई

लपवू नका. तुमचं तोंड कुणी चिकटपट्टीने बंद केलं तर कसं वाटेल? तो मागायला शिकला म्हणून मागतोय. दरवेळी मिळेलच असं नाही, पण मागता यायलाच हवं.

---

खाडीकाठची

फणसगरे दादा, आम्ही असं केलं. एक पट्टी, तिच्यावर दोन चौकोन, ‘आधी’ आणि ‘मग’. त्याने मोबाइल मागितला की चित्र त्याच्या हातातून घ्यायचं, “मोबाइल हवाय, कळलं” म्हणायचं, ते ‘मग’च्या चौकोनात लावायचं आणि ‘आधी’मध्ये छोटंसं, पटकन होणारं काम लावायचं. चपला जाग्यावर ठेवणं, कोंबड्यांना दाणे टाकणं. सुरुवातीला काम अर्ध्या मिनिटाचंच ठेवा आणि ते झालं की मोबाइल नक्की द्या, नाहीतर पट्टीवरचा विश्वास उडतो. मोबाइल अजिबात द्यायचा नसेल त्या वेळेसाठी चित्रावर लाल फुली मारलेलं प्लास्टिक लावा आणि शेजारी दोन दुसऱ्या गोष्टींची चित्रं ठेवा. लोळण एकदम थांबणार नाही. आणि तुमच्या आईंना सांगा, लोळण घेतल्यावर मोबाइल द्यायचा नाही, त्याने शांतपणे चित्र आणलं तर चपला ठेवून लगेच द्यायचा. ‘राम राम’ चालेल, पण सावकाश म्हणायला सांगा.